भागीसाठी राखलेली वाईन

चांगो निरगुडा याचं नाक दिसायला काही खास नाही. बसकं आहे आणि मधोमध एक जुना वण आहे. लहानपणी म्हशीचं शिंग लागलं होतं. पण याच नाकाच्या भरवशावर माथेरानातल्या एका जुन्या हॉटेलाने बावीस वर्षं आपल्या वाईनच्या बाटल्या उघडल्या. वाईन म्हणजे द्राक्षाची दारू, एवढं सगळ्यांनाच माहीत असतं. चांगोला त्यापुढचं माहीत होतं, आणि ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

चांगो चिंचमाळ वाडीचा. कर्जत तालुक्यात माथेरानच्या डोंगराच्या पायाशी ठाकरांच्या ज्या वाड्या आहेत, त्यांतली ही एक. पंचवीस-तीस घरं, खाली भाताची खाचरं, मागे रान. वाडीतून वर माथेरानला पायवाटेने दीड तास लागतो. तुम्हाआम्हाला तीन लागतील आणि वर पोचल्यावर बोलायला दम उरणार नाही, ते वेगळं. चांगो विशीत हॉटेलात लागला तो ओझी वाहायला. माथेरानला गाड्या चालत नाहीत, त्यामुळे पाहुण्यांच्या बॅगा, गाद्या, सिलिंडर, सगळं कोणाच्या तरी डोक्यावरूनच जातं. ते डोकं चांगोचं होतं.

मग एका हिवाळ्यात मुंबईहून एक टायवाला साहेब आला. वेटर लोकांना वाईन शिकवायला. आता वाईन काय शिकवायची, ओतायची आणि द्यायची, असं तुम्ही म्हणाल. वेटरही तेच म्हणत होते, फक्त तोंडातल्या तोंडात. साहेबाने तांबडी वाईन ग्लासांत ओतली आणि विचारलं, कसला वास येतो सांगा. एक म्हणाला द्राक्षाचा. दुसरा म्हणाला दारूचा. तिसऱ्याने पुस्तकातली इंग्रजी फळं सांगितली, जी त्याच्या बापजन्मी त्याने पाहिली नव्हती. खोकी उचलायला म्हणून चांगो कोपऱ्यात उभा होता. साहेबाने गंमत म्हणून त्याच्या हातात ग्लास दिला.

चांगोने नाक घातलं ते काढेचना. मग म्हणाला, "करवंद हाय. पिकलेलं, पन तोडायचं ऱ्हाऊन जाळीतच ऱ्हायलेलं. मग जांभूळ. मग राब भाजल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात गेलं की येतो ना, त्यो वास."

वेटर खो खो हसले. साहेब हसला नाही. राब म्हणजे काय, हे त्याने विचारून घेतलं. भाताची रोपं टाकण्याआधी जमिनीवर पाला-शेण पसरून ती भाजतात, त्याला राब म्हणतात. साहेबाने ते लिहून घेतलं आणि जाताना मॅनेजर किरणशेटला सांगितलं, की या माणसाला ओझ्यातून काढा. तेव्हापासून चांगो वर्दी घालून फिरू लागला. बाटली उघडली की आधी एक चमचाभर त्याने घ्यायची, खराब झालेली नाही ना ते पाहायचं, मगच पाहुण्याला द्यायची. काय बिघडलं आहे ते तो बूच हुंगूनच सांगायचा. बावीस वर्षांत त्याने एकदाही चुकीची बाटली टेबलावर जाऊ दिली नाही.

ज्या वाईनने त्याचं नशीब फिरवलं ती अर्जेंटिना नावाच्या देशातून यायची. तिथे तीन माथेरानं एकावर एक ठेवावीत एवढ्या उंचीवर द्राक्षाचे मळे आहेत म्हणे. वाईन अशी दाट की ग्लास कलता केला तर काचेवरून उतरायला वेळ घ्यायची, आणि अंगाने अशी भरलेली की जिभेवर टेकली की बसूनच राहायची. हॉटेलात आणखी वीस जातींच्या बाटल्या होत्या, पण चांगोचा जीव हिच्यावर. आणि हिच्यापायी त्याला एक टोचणीही होती. करवंद, जांभूळ आणि राब एवढं झाल्यावर, घोट उतरून गेल्यावर, घशातून एक चौथा वास वर यायचा. अगदी ओळखीचा, घरचाच. पण नाव सापडायचं नाही. बावीस वर्षं चमचा चमचा घेऊन नाव सापडलं नाही.

"भागीला कळंल," तो स्वतःशी म्हणायचा.

भागी ही त्याची बायको. चांगोचं नाक चांगलं म्हणता, मग भागीचं पाहायला हवं होतं. तिच्यापुढे चांगो म्हणजे सर्दी झालेला माणूस. उन्हाळ्यात ती आणि शेजारची हिरू पहाटे रानात शिरायच्या आणि करवंदं-जांभळं घेऊन नेरळच्या रस्त्याला वळणावर विकायला बसायच्या. पानाच्या द्रोणातलं एक जांभूळ तोंडात टाकून भागी सांगायची, "ह्ये वढ्याकडच्या झाडाचं. नि ह्ये देवळामागचं." हिरू मुद्दाम मिसळून द्यायची, तरी ती चुकायची नाही. मशेरी लावायची तेवढा एक नाद होता तिला, सकाळ-संध्याकाळ. त्या मशेरीला आग लागो, असं आज मला म्हणावंसं वाटतं, पण तेव्हा कोण म्हणत होतं? वाडीतल्या सगळ्याच बाया लावायच्या.

आठवड्याला एक सुट्टी असायची. चांगो खाली आला की जेवताना वाईनच्या गोष्टी. "तीन जातींची द्राक्षं एकत्र करत्यात," तो सांगायचा.

"का? एकटं द्राक्ष कामाचं नाय?"

"हाय ना. पन एक अंगानं भारी, एक वासाला चांगलं, नि एक नुसतंच कडक. तिघं मिळून जमतं."

"म्हंजे आपली पावसातली मिसळीची भाजी," भागी म्हणायची. "नुसता टाकळा कोन खातो?"

"नि पिकतात लई वर. डोंगरात."

"मग चांगली असनारच. वरच्या सड्यावरचं, उघड्या कातळावरचं करवंद बघ ना. बारीक, जाड सालीचं, काळंभोर. रात्री थंडी खातं नि दिवसा ऊन. खालचं नुसतं पान्यानं फुगतं."

हेच सांगायला त्या टायवाल्या साहेबाने पडद्यावर चित्रं दाखवून एक तास घेतला होता. चांगो तिच्याकडे बघत राहायचा. जिला हे सगळं न पिता कळतं, तिने ती एकदा प्यायली तर काय काय सांगेल! आणि तो चौथा वास तर ती चुटकीसरशी सांगेल. "एकदा तुला देनार," तो म्हणायचा. "कवा?" ती विचारायची. पाहुण्यांच्या बाटलीत तळाशी उरलेली वाईन मोरीत ओतायची, असा हॉटेलचा नियम होता आणि चांगो ती ओतायचा. कोपऱ्यात उभं राहून एक लहान बाटली भरून आणली असती तर कोणी विचारलंही नसतं. पण चांगोला ते जमलं नाही. प्रामाणिक माणसाचा मला कधी कधी फार राग येतो.

दोन हजार अठराच्या डिसेंबरात मात्र नशीब उघडलं. दरवर्षी येणारे एक म्हातारे पाहुणे होते, त्यांना चांगोने ओतलेलीच वाईन लागायची. त्या वर्षी ते म्हणाले, आता गुडघे चढू देत नाहीत, हे शेवटचं. आणि जाताना एक अख्खी बाटली चांगोच्या हातात ठेवली. तीच, डोंगरातली. "लगेच उघडू नकोस," त्यांनी बजावलं. "ही अजून कच्ची आहे. पाच वर्षं आडवी ठेव, गारव्याला, अंधारात. हलवू नकोस. मग बघ काय होते ती."

चांगोने बाटली मुंडाशात गुंडाळून, मूल आणावं तशी खाली आणली. घरात गार आणि अंधारी जागा एकच, ती म्हणजे भाताची कणगी. भातात खोल खड्डा करून त्याने ती आडवी निजवली आणि भागीला म्हणाला, "तुझी हाय. पाच वर्सं हात लावायचा नाय."

"पाच वर्सं?" भागी हसली. "मी जगले तर."

बोलायची पद्धत असते एकेकाची. तेव्हा ती चाळिशीत होती, डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन डोंगर उतरायची. कोणाच्या मनात काय येणार?

मधे ते कुलूपबंदीचं वर्ष आलं. हॉटेल बंद, चांगो सात-आठ महिने घरी. भागी दोन-तीनदा म्हणाली, "उघड की. तू पन घरी, मी पन घरी." चांगो म्हणाला, "अजून झाली नाय." आपल्या कामात तो पक्का होता ना. पाच म्हणजे पाच. आता तो स्वतःच्या थोबाडीत मारून घेतो, पण त्याचा काही उपयोग नाही.

पाच वर्षं पुरी व्हायला नऊ महिने असताना, शिमग्याच्या सुमाराला, भागीच्या गालाच्या आत फोड आला. आधी झाडपाला, मग कर्जतचा डॉक्टर, मग मुंबईचा मोठा दवाखाना. त्यांची मुलगी रोहिणी खोपोलीला दिलेली आहे. नवरा कारखान्यात आणि ती स्वतः शाळेत पोषण आहार शिजवते. तिनेच आईला नेलं-आणलं. पस्तीस शेक दिले, विजेचे. फोड गेला. फोडाबरोबर भागीच्या जिभेची चव गेली आणि नाकही गेलं. भाकरी तव्यावर जळून काळी झाली तरी तिला कळेना. भाजीत मीठ आहे की नाही ते हिरू येऊन सांगायची. तोंड आतून सोललेलं. हिरूच रोज कोमट पाण्याने धुऊन द्यायची, चार महिने, एक दिवस चुकली नाही.

डॉक्टर म्हणाले, चव परत येते बऱ्याच जणांची. सहा महिने लागतात, कोणाला वर्ष. कोणाला येतही नाही. चांगोने यातलं "येते" तेवढंच ऐकलं. डिसेंबरात बाटलीची पाच वर्षं भरली, तसा तो भागीला म्हणाला, "तुझी चव आली की उघडू. घाई नाय." आणि दर सुट्टीला वरून काही ना काही आणू लागला. कधी चिक्की, कधी लिंबाचं लोणचं, कधी आल्याची वडी. तिच्या जिभेवर कणभर ठेवायचा आणि तोंडाकडे बघत बसायचा.

"कळतं?"

"नाय रं."

पाच महिने हेच. नाय म्हणताना तिला त्याच्याकडे बघवत नसे. स्वतःच्या तोंडाचं दुःख तिने कधीच गिळलं होतं. त्याचं पडलेलं तोंड तिला जास्त लागायचं.

मग या गेल्या मे महिन्यात एका सुट्टीला तो घरी आला, तर भागी खाटेवर उठून बसलेली. वाळून काटकी झाली होती, पण केस विंचरलेले. रोहिणीही आलेली. भागीने एक करवंद तोंडात टाकलं, हळूच चघळलं आणि म्हणाली, "वरच्या सड्याचं." दुसरं टाकलं. "ह्ये खालचं. आंबाट हाय." दोन्ही बरोबर होती. तो खाटेच्या कडेला बसला आणि रडला. लहान मुलासारखा, हुंदके देऊन. भागीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "आली चव," ती म्हणाली. "आता म्होरच्या सुट्टीला तुझी बाटली उघड."

वरच्या सड्याचं करवंद बारीक आणि काळं असतं, खालचं मोठं आणि लालसर. ते जिभेला लागत नाही, डोळ्यांना लागतं. हे चांगोच्या डोक्यात कसं आलं नाही? नाही आलं. आपल्याला जे हवं असतं त्यापुढे माणूस आंधळाच असतो.

पुढच्या सुट्टीला तो किरणशेटला विचारून बूच काढायचा पेच आणि उंच दांड्याचा एक ग्लास घेऊन आला. दुपारचे तीन वाजले असतील. अंगणात मांडवाच्या सावलीत खाट टाकलेली, भागी उशीला टेकून बसलेली, रोहिणी दारात. चांगो आत जाऊन कणगीत हात घालून शोधू लागला. बाटली नव्हती.

"तिथं नाय," भागी बाहेरून म्हणाली. आवाजात मोठा अभिमान. "मी हलवली. चुलीवरच्या फळीवर हाय."

चांगोचा हात भातातच राहिला.

आता यात भागीचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. आमच्या इकडे वाड्यांवर जी वस्तू सालोसाल टिकवायची, जिला कीड-वाळवी लागू द्यायची नाही, ती चुलीवर धुरात ठेवतात. काकडी-दुधीचं बी, पेरणीचा मका, सुकी मासळी, सगळं तिथे. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात कणगीतला भात तळाला गेला, बाटली उघडी पडली, उंदीर फिरू लागले. चांगो वर हॉटेलात. भागीने बाटली फडक्यात गुंडाळली आणि घरातली सगळ्यात जपायची वस्तू म्हणून सगळ्यात जपायच्या जागी ठेवली, बियाण्याच्या मधोमध. खाली रोज दोन वेळा चूल पेटत होती. तीन वर्षं.

चांगोने बाटली खाली घेतली. फडकं काजळीने काळं आणि चिकट झालेलं. काच कोमट. बूच आतून ढकलल्यासारखं बोटभर वर आलेलं, आणि त्याच्या कडेने काहीतरी झिरपून सुकलेलं. बावीस वर्षं बाटल्या उघडलेल्या माणसाला आणखी काय पाहायला हवं होतं? तरीही तो अंगणात आला. कदाचित आतून बरी असेल, असं मन म्हणत होतं. त्याने पेच लावला. बूच भुगा होऊन निघालं. नाकाशी नेलं आणि त्याला सगळं कळलं. वाईन मेली होती. करवंद नाही, जांभूळ नाही, काहीच नाही. आंबून, उकडून, नुसता शिरका झालेला.

रीतीप्रमाणे पहिली धार त्याने वाडवडलांच्या नावाने जमिनीवर सोडली. सोडता सोडता मनाशी ठरवलंही. हिला सांगायचं, फसली आपली बाटली. हसायचं. किरणशेटच्या पाया पडून दुसरी मिळवायची. आता चव तर आली आहे, पंधरा दिवसांनी पुन्हा बसू. एवढं काय त्यात? त्याने बाटली खाली ठेवली आणि सांगायला तोंड उघडलं. तोवर भागीने बाटली उचलून ग्लासात ओतली होती आणि ग्लास ओठांना लावला होता.

"थांब," चांगो म्हणाला. पण घोट आत गेला होता.

सोललेल्या तोंडाला शिरका झोंबणारच. भागीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिने पदराने पुसलं. चांगो वाट बघत होता, की आता थुंकेल, आता शिवी घालेल. ज्याची जीभ जिवंत आहे असा कुठलाही माणूस थुंकला असता. भागीने डोळे मिटले.

"झोंबती थोडी," ती म्हणाली. "दारू म्हटली की झोंबनारच. पन तू म्हनत हुतास तशीच हाय रं. करवंद. जाळीत ऱ्हायलेलं. मग जांभूळ. मग राब."

त्याच्याच शब्दांत, त्याच्याच क्रमाने. बावीस वर्षं जेवताना ऐकलेलं, पाठ झालेलं.

"कंच्या झाडाचं?" चांगोने विचारलं. का विचारलं, त्यालाही कळलं नाही.

"काय?"

"जांभूळ. कंच्या झाडाचं?"

भागी अडखळली. "येवढं कुठं कळतंय," ती म्हणाली. "बाटलीतलं जांभूळ त्ये."

चांगोने दाराकडे पाहिलं. रोहिणीने मान खाली घातली. तिला ठाऊक होतं. चव आलेली नव्हती. चव आता येणारही नव्हती, आणि भागीकडे तेवढे दिवसही नव्हते. नवऱ्याने पाच वर्षं राखलेली बाटली आपल्यामुळे तशीच पडून राहू नये, म्हणून बाई खोटं बोलली होती. चौथ्या वासाचं त्याने विचारलंच नाही. तिच्या हातातला ग्लास मात्र हळूच काढून घेतला. "बास. तोंड दुखंल." ती हसत होती. इतक्या महिन्यांत ती अशी हसली नव्हती. बावीस वर्षांचं नवऱ्याचं एक मागणं पुरं केल्याचं समाधान होतं ते, आणि ते तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. चांगोला वाटलं, आता काहीही होवो, हे एवढं तिच्याकडे राहू दे.

आणि तेवढ्यात भागीने हाक मारली. "हिरू, अगं ये. वाटी घिऊन ये. गजाभाऊला पन बोलाव."

हे चांगोच्या ध्यानातच आलं नव्हतं. वाडीत दारू एकट्याने पीत नाहीत. मोहाची असो की विकतची, बाटली फोडली की शेजारी हाक जाते. पहिली धार वाडवडलांना, मग शेजाऱ्याला, मग आपण. वाट्याला टोपणभर का येईना. शेजाऱ्याला न बोलावता पिणारा म्हणजे माणसातून उठलेला. सोयरीक करायलाही लोक दहादा विचार करतात. आणि हिरू काय नुसती शेजारीण होती? तिचा पहिला हक्क होता.

हिरू वाटी घेऊन आली, मागून तिचा नवरा गजा आला. भागीने बाटलीकडे हात केला. "दे रं तिला. माझ्या नावानं."

हिरूची जीभ धडधाकट. आणि हिरूचं तोंड फटकळ. पोटात एक आणि ओठात एक तिला कधी जमलंच नाही. घोट घेतला की दुसऱ्या क्षणाला म्हणणार, अगं बये, ही तर आंबलीया. मग भागीला कळणार, की आपण आंबट पाणी पिऊन करवंद-जांभूळ म्हणालो, आणि नवऱ्याला ते कळलंय. आणि बाटली नासली ती आपण धुरात ठेवली म्हणून.

चांगोने बाटली उचलून छातीशी धरली.

"नाय," तो म्हणाला. "द्यायची नाय कोनाला."

हिरूला वाटलं चेष्टा करतोय. तिने वाटी आणखी पुढे केली. "आरं, बोट तरी बुडवू दे."

"नाय म्हटलं ना. माझी हाय. मला दिली साहेबानं."

"अरं, असं काय करतोस?" भागी म्हणाली. तिचं हसू तसंच अर्धं राहिलं.

चांगोने बाटली तोंडाला लावली. सगळ्यांच्या देखत उभ्या उभ्या घटाघटा प्यायला. घसा सोलत होता, डोळ्यांत पाणी येत होतं, तरी थांबला नाही. तळाशी एक थेंब राहू दिला नाही. हिरू वाटी हातात धरून उभी होती. तिने ती हळूच पदराखाली घेतली आणि वळून गेली. गजा जाताना एवढंच म्हणाला, "हाटेलात ऱ्हाऊन साहेब झालास रं चांगो." पुढे चांगो घरामागे जाऊन भडाभडा ओकला. वाडीत चर्चा झाली ती अशी, की हाव नडली.

संध्याकाळपर्यंत भागी त्याच्याशी बोलली नाही. मग बोलली ती भिंतीकडे तोंड करून. "हिरूनं माझं तोंड धुतलं चार महिने. तिला द्यायला माझ्याकडं काय ऱ्हायलं नव्हतं. येवढं एक हुतं. मला खाली बघाया लावलंस."

चांगो घागर उचलून बाहेर पडला. रोहिणीने त्याला ओढ्यावर गाठलं. डॉक्टरांनी गेल्या खेपेलाच सांगितलं होतं, की पसरलंय, आता घरी न्या. आईनेच शपथ घातली होती, की तुझ्या बाला सांगू नको. हे सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, "पन बा, हिरूकाकीला का दिली नाय?"

"लई चांगली हुती गं," चांगो म्हणाला. "हात आखडला माझा." पोरीलाही त्याने खरं सांगितलं नाही. पोरीच्या तोंडून ते आईपर्यंत गेलं असतं.

त्यानंतर भागी एकोणीस दिवस जगली. चांगो वर गेलाच नाही. हिरू येत होती, तोंड धुऊन देत होती, चांगो समोर आला की मान वळवत होती. बारा तेरा दिवसांनी भागीचं बोलणं अस्पष्ट व्हायला लागलं. एका दुपारी शुद्ध चांगली होती, तेव्हा तिने त्याला जवळ बसवून घेतलं. त्याला वाटलं आता काही मागेल. पेज मागेल, पाणी मागेल.

"मी गेल्यावर," ती थांबत थांबत म्हणाली, "दारात कोन आलं तर रित्या हातानं पाठवू नको. तुझा हात आखडतो. मला आधी कधी दिसलं नाय, त्या दिवशी दिसलं. पंचवीस वर्सं संसार केला नि दिसलं नाय. वाईट नाय तू. पन ही येवढी खोड सोड."

चांगो खरं सांगू शकत होता. दोन वाक्यांचं काम होतं. ती त्याच्याकडे बघत होती, लहान पोराला समजावून झाल्यावर आई बघते तशी.

"सोडीन," चांगो म्हणाला.

"आधी हिरूला द्यायचं. मग आपन खायाचं."

"आधी हिरूला," तो म्हणाला, आणि तिने हात पुढे केला त्यावर हात ठेवून त्याने वचन दिलं.